मागे जाऊन केलेली दुरुस्ती

झेडएफएसवर चालणारा सर्व्हर कधी कधी सुरू होता होता अडतो आणि पडद्यावर एवढंच येतं की स्टोरेज पूल इम्पोर्ट करता आला नाही. पूल म्हणजे अनेक डिस्क एकत्र करून केलेला एकच साठा. डिस्क फिरत असतात, दिवे लुकलुकत असतात, पण साठा उघडत नाही. गेल्या वर्षी एका छोट्या संस्थेत मी अशाच सर्व्हरसमोर बसलो होतो. वीज गेली होती, यूपीएस दमला होता, आणि आत आठ वर्षांचे हिशेब होते. तो साठा सोडवणारी आज्ञा एका ओळीची आहे. पण तिच्यामागे तीस वर्षांचा एक वाद आहे: साठा बिघडला तर यंत्रानं अंदाजानं डागडुजी करावी, की गप्प बसावं?

सत्तरच्या दशकातल्या युनिक्सवर हा निर्णय माणसाकडे होता. मशीन मध्येच बंद पडलं की 'आयचेक', 'डीचेक' असे छोटे प्रोग्राम तक्रारी छापत आणि ऑपरेटर हातानं दुरुस्ती करी. मग बेल लॅब्जमधल्या टेड कोवाल्स्की यांचा 'एफएससीके' आला. तो अख्खी डिस्क वाचून विसंगती मिटवायचा. ज्या फाइलींचा मालक सापडत नसे, त्यांना तो 'लॉस्ट अँड फाउंड' नावाच्या डिरेक्टरीत टाकी. जत्रेतल्या 'हरवले-सापडले' मंडपातल्या मुलांसारखी त्यांची अवस्था असे: सुखरूप, पण नावाऐवजी नुसता क्रमांक. एफएससीके डिस्कची मांडणी सुसंगत करून देई. फाइलीतला मजकूर खरा आहे का, हे मात्र त्याला सांगता येत नसे.

डिस्क मोठ्या झाल्या तशी ही तपासणी तासन्‌तास चालू लागली. त्यावरचा उपाय दुकानदारांना जुनाच माहीत होता: आधी रोजकीर्द, मग खतावणी. बदल करण्याआधी त्याची नोंद करायची. मध्येच वीज गेली तर तेवढीच नोंद पाहून काम पुरं करायचं किंवा सोडून द्यायचं. आयबीएमनं १९९० मध्ये एआयएक्ससाठी अशी फाइल सिस्टिम आणली. लिनक्सच्या कर्नलमध्ये ईएक्सटी३ २००१ मध्ये आली. दरम्यान १९८८ च्या बर्कलीच्या निबंधातून 'रेड' रूढ झालं होतं. एक डिस्क मेली तरी रेड तग धरतं. पण जिवंत डिस्कनं चुकीचा मजकूर परत दिला, तर नेहमीच्या वाचनात ते त्याला कळत नाही.

सन मायक्रोसिस्टिम्समध्ये जेफ बॉनविक आणि मॅथ्यू एरन्स यांनी २००१ मध्ये झेडएफएस सुरू केलं ते हे सगळं पुन्हा मांडण्यासाठी. ३१ ऑक्टोबर २००५ रोजी ते सोलॅरिसच्या मुख्य कोडमध्ये गेलं. त्याचा नियम असा की वापरातला ब्लॉक जागच्या जागी बदलायचा नाही; नवा मजकूर नव्या जागी लिहायचा. प्रत्येक ब्लॉकची पडताळणी-बेरीज त्याच्या वरच्या ब्लॉकात असते. या झाडाच्या शेंड्यावर 'उबरब्लॉक' असतो. मूळ रचनेत त्याच्यासाठी १२८ जागांचं चक्र आहे: नवा उबरब्लॉक सर्वांत जुन्याच्या जागी बसतो, बाकीचे तसेच राहतात. हे चक्र आणि साठ्याची माहिती प्रत्येक डिस्कवर चार ठिकाणी असते, म्हणून त्याच डिस्क दुसऱ्या मशीनला जोडल्या तरी साठा ओळखू येतो.

एफएससीकेची गरजच उरणार नाही, अशी ही रचना होती. पण ती एका गृहीतावर उभी होती: डिस्क 'लिहिलं' म्हणाली की खरंच लिहिलेलं असतं. काही स्वस्त डिस्क आणि यूएसबीच्या पेट्या तसं न लिहिताच होकार देत. मग वीज गेली की नवा उबरब्लॉक जागेवर, पण तो ज्याकडे बोट दाखवतो ते ब्लॉक लिहिलेलेच नाहीत. पडताळणी जुळत नाही आणि झेडएफएस अख्खा साठा नाकारतं. खोटं उत्तर देण्यापेक्षा गप्प बसणं हे तत्त्व बरोबरच होतं, पण त्यापायी शाबूत असलेला प्रचंड मजकूरही कुलूपबंद होई. जाणकार लोक हातानं जुने उबरब्लॉक शोधू लागले.

२००९ मध्ये ही हातची युक्ती अधिकृत झाली. 'झेडपूल इम्पोर्ट'ला मोठ्या लिपीतला 'एफ' जोडला की झेडएफएस शेवटचे काही व्यवहार सोडून देतं आणि जिथं सगळं जुळतं अशा आधीच्या स्थितीवर जातं. सोबत छोटा 'एन' दिला तर प्रत्यक्ष काही न बदलता हे जमेल का ते कळतं, आणि सुमारे किती सेकंदांचा मजकूर कायमचा जाईल तेही. फार मागे मात्र जाता येत नाही, कारण मोकळ्या झालेल्या जागा काही वेळानं पुन्हा वापरल्या जातात. म्हणून अडलेल्या साठ्यावर एकही नवं अक्षर लिहू नये.

मी संस्थेचा सर्व्हर यूएसबीवरून सुरू केला, आधी ही चाचणी घेतली आणि हिशेब बघणाऱ्या काकांना विचारलं, "काका, शेवटची काही सेकंदं जातील. चालेल ना?"

"अरे, मी आठ वर्षं गेली असं धरून बसलोय," ते म्हणाले.

साठा फक्त वाचण्यापुरता उघडला आणि सगळं दुसऱ्या डिस्कवर उतरवून घेतलं.

पुढे २०१० मध्ये सन ओरॅकलकडे गेली आणि ओपनसोलॅरिस बंद झालं. कोड आधीच खुला असल्यामुळे झेडएफएस वाचलं. २०१३ मध्ये ओपनझेडएफएस या नावाखाली विखुरलेले लोक एकत्र आले. २०१९ मध्ये लिनक्सवरच्या ०.८ आवृत्तीत 'चेकपॉइंट' आला: जोखमीच्या कामाआधी अख्ख्या साठ्याची एक स्थिती आपणच राखून ठेवायची. एफएससीके मोडलेलं जोडून पुढे जाई. झेडएफएस मागे जातं आणि त्यासाठी काय गमवावं लागेल ते आधी विचारतं. त्या प्रश्नाला उत्तर द्यायला अजूनही माणूसच लागतो.