व्हिक्टोरिया सरोवरांतील मत्स्यकुळ

आफ्रिका खंडाच्या पूर्वभागीं, विषुववृत्तावर पसरलेलें व्हिक्टोरिया सरोवर हें विस्तारानें गोड्या पाण्याचें जगांतील दुसरें सरोवर होय. त्याचें क्षेत्रफळ सुमारें ६८,८०० चौरस किलोमीटर आहे. खोली मात्र ८० मीटरांच्या आंतबाहेर. इ. स. १८५८ मध्यें स्पीक हा इंग्रज प्रवासी त्याच्या तीरीं पोहोंचला आणि त्यानें त्यास आपल्या राणीचें नांव दिलें. उत्तर तीरावरील गांडा लोक त्यास पूर्वीपासून नालुबाले म्हणत.

सुमारें १५,००० वर्षांपूर्वीं हें सरोवर आटलें होतें, असें भूशास्त्रज्ञ मानतात. तें पुन्हा भरल्यावर मोजक्या पूर्वजांपासून सिक्लिड कुळांतील ५०० हून अधिक जाती येथें निपजल्या. कांहीं शेवाळ खरवडून खात, कांहीं शंखशिंपले फोडीत, तर कांहीं इतरांचीं पिल्लें गिळीत. बहुतेक जातींची मादी आपलीं अंडीं तोंडांत धरून सांभाळी. हे चिमुकले मासे उन्हांत वाळवून ठेवीत. पण जेवणांत खरा मान ङ्गेगे नामक मोठ्या माशाचा.

इ. स. १९०१ मध्यें हिंदी मजुरांच्या श्रमानें बांधलेला लोहमार्ग सरोवरास भिडला. मासळीस दूरची बाजारपेठ मिळाली. १९०५ च्या सुमारास विलायती जाळीं आलीं आणि ङ्गेगे घटूं लागला. म्हणून मायकेल ग्रॅहॅम ह्या तज्ज्ञाकडून १९२७-२८ मध्यें पाहणी करविण्यांत आली. पांच इंचांहून लहान छिद्रांचीं जाळीं वापरूं नयेत, अशी शिफारस त्यानें केली. परक्या पाण्यांतील मोठा मांसभक्षक मासा पुरेशा संशोधनावांचून येथें सोडणें अत्यंत धोक्याचें होईल, असाही इशारा त्यानें १९२९ मध्यें दिला.

हा इशारा पुढें मानला गेला नाहीं. कांटेरी, बिनमोलाच्या क्षुद्र मत्स्यांचें रूपांतर मोठ्या, विकाऊ मत्स्यांत व्हावें, ह्या हेतूनें १९५४ च्या सुमारास नाईल पर्च हा मासा सरोवरांत सोडण्यांत आला. हा दोन मीटरांपर्यंत वाढतो. पंचवीसएक वर्षें त्याचा फारसा गाजावाजा झाला नाहीं. १९८० नंतर मात्र त्याची संख्या अफाट वाढली आणि सुमारें २०० सिक्लिड जाती दिसेनाशा झाल्या. सारा दोष एकट्या पर्चचा नव्हे. शेतांतील खतें व शहरांतील सांडपाणी ह्यांमुळें पाणी गढूळलें, तळाचा प्राणवायु घटला, आणि रंगावरून जोडीदार ओळखणाऱ्या माशांना आपली जातच ओळखूं येईना.

लाभही झाला. पर्चच्या मांसाचे तुकडे युरोपास जाऊं लागले, कारखाने निघाले, हजारोंना रोजगार मिळाला. परंतु हा तेलकट मासा उन्हांत टिकत नाहीं. तो धुरावर भाजावा लागतो, आणि त्यासाठीं तीरावरील झाडें तुटलीं. मासळी परदेशीं गेली आणि कित्येक कोळ्यांच्या घरीं केवळ डागा नामक बोटभर रुपेरी मासा उरला.

पुढें पर्चची अतोनात पकड झाली, तेव्हां नष्ट मानलेल्या कांहीं जाती पुन्हा आढळल्या. बाकीच्या कायमच्या गेल्या असाव्यात. ज्या माशांस अधिकाऱ्यांनीं बिनमोलाचे ठरविलें, तेच गरिबाचें अन्न होते आणि शेवाळ खाऊन पाणी निर्मळ राखीत होते. त्यांची ही किंमत ते नाहींसे झाल्यावर मोजली गेली.