फीत, प्रत आणि पाठ : जुन्या ब्रिटिश चित्रपटांच्या शोधित आवृत्त्या व फाळक्यांचे अवशेष

ग्रंथाची एखादी प्रत हाती आली म्हणजे ग्रंथ हाती आला असे होत नाही, ही गोष्ट मराठीच्या अभ्यासकास निराळी सांगावयास नको. एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत सिद्ध केली. पुढे सव्वातीनशे वर्षांनी, १९०९ साली, राजवाड्यांनी एकनाथपूर्व मानलेली प्रत छापली आणि ‘मूळ ज्ञानेश्वरी कोणती’ हा प्रश्न विद्वानांपुढे उभा केला. पुण्यास भांडारकर संस्थेने १९१९ मध्ये आरंभिलेले महाभारताच्या चिकित्सित आवृत्तीचे कार्य १९६६ मध्ये पूर्ण झाले, तेव्हा आदिपर्व हाती घेणारी पिढी मागे पडली होती. असे असूनही चित्रपटासंबंधी लिहिताना हीच सावधगिरी आपण बाळगीत नाही. कोठून तरी मिळालेली प्रत पाहावयाची, तिची लांबी, तिचा वेग, तिच्यातील अक्षरे ही सर्व मूळचीच आहेत असे धरून चालावयाचे, आणि त्यावर प्रबंधातील एक प्रकरण रचावयाचे, असा प्रकार सर्रास चालतो. प्रस्तुत लेखाचा विषय वरवर पाहता छंदाचा वाटेल: जुन्या ब्रिटिश चित्रपटांच्या जीर्णोद्धार केलेल्या घरगुती आवृत्त्यांचा, म्हणजे डीव्हीडी व ब्लू-रे चकत्यांचा, संग्रह. परंतु ह्या संग्रहातून जी शिस्त शिकता येते ती नाशिकच्याच एका प्रश्नास लावून पाहावी, असा येथे हेतू आहे.

नाशिक आणि ब्रिटिश चित्रपट यांचा संबंध ओढूनताणून आणलेला नाही. त्र्यंबकेश्वरी १८७० साली जन्मलेले धुंडिराज गोविंद फाळके हे १९१२ च्या फेब्रुवारीत विलायतेस गेले. ‘बायोस्कोप’ साप्ताहिकाचे संपादक कॅबोर्न यांनी त्यांना वॉल्टन येथील सेसिल हेपवर्थ यांच्या चित्रशाळेत नेण्याची व्यवस्था केली. तेथे त्यांनी चित्रणाची सारी कृती डोळ्यांखालून घातली आणि विल्यमसन कॅमेरा व फितीला भोके पाडण्याचे यंत्र खरेदी करून ते परतले. ‘राजा हरिश्चंद्र’ दादरला तयार होऊन ३ मे १९१३ रोजी गिरगावात कॉरोनेशनमध्ये लागला, आणि त्याच वर्षी फाळक्यांनी बिऱ्हाड व कारखाना दोन्ही नाशिकला हलविली. ‘मोहिनी भस्मासुर’पासून पुढचे त्यांचे महत्त्वाचे काम येथे झाले, १९१८ साली हिंदुस्थान सिनेमा फिल्म्स कंपनी येथेच स्थापन झाली.

हेपवर्थ हे नाव आज ब्रिटनबाहेर फारसे कोणी घेत नाही. पण पाठचिकित्सेच्या दृष्टीने त्यांच्याइतका बोधप्रद चित्रकार क्वचित आढळेल. १९०५ साली त्यांनी ‘रेस्क्यूड बाय रोव्हर’ हा सुमारे ४२५ फुटांचा चित्रपट काढला. चोरून नेलेल्या बालकाचा कुत्रा शोध लावतो, एवढीच कथा. कथानक हेपवर्थबाईंचे, आईच्या भूमिकेत त्या स्वतः, बालक त्यांचेच आणि कुत्राही घरचाच. (फाळक्यांनी रोहिदासाच्या भूमिकेसाठी आपला मुलगा भालचंद्र व पुढे बालकृष्णासाठी मुलगी मंदाकिनी घेतली, आणि फिती धुण्याचे व त्यांना भोके पाडण्याचे काम सरस्वतीबाईंनी अंगावर घेतले, हे येथे आठवल्यावाचून राहत नाही. धंदा नवा असला की घर हाच कारखाना होतो.) ह्या चित्रपटाच्या जवळजवळ चारशे प्रती विकल्या गेल्या. इतक्या प्रती काढताना मूळ निगेटिव्ह झिजले. तेव्हा हेपवर्थ यांनी तोच चित्रपट पुन्हा चित्रित केला, तेही झिजले, आणि तिसऱ्यांदा केला. म्हणजे एकाच नावाचे, एकाच कथेचे, एकाच कर्त्याचे तीन स्वतंत्र पाठ एका वेळी बाजारात होते. यांतील मूळ पाठ कोणता? तिन्ही कर्त्याच्याच हातचे आहेत. ‘प्रक्षिप्त’ त्यांतील एकही नाही.

पुढची हकीकत दुःखद आहे. १९२४ साली हेपवर्थ यांची कंपनी बुडाली आणि त्यांची निगेटिव्हे वितळवून त्यातील द्रव्य विकण्यात आले. वीस-पंचवीस वर्षांची कृती अशी गेली. जे उरले ते देशोदेशी विकलेल्या प्रतींमुळे उरले, आणि ते जपण्याचे काम ब्रिटिश फिल्म इन्स्टिट्यूटने १९३५ साली स्थापन केलेल्या राष्ट्रीय चित्रपट ग्रंथालयाकडे आले. १९०३ च्या हेपवर्थकृत ‘ॲलिस इन वंडरलँड’ची एकच जुनी प्रत शिल्लक होती आणि तीही अपुरी व जर्जर. २०१० साली त्या संस्थेने तिचा उद्धार केला व मूळचे रंगलेपन पुन्हा दिले, पण अंगावरचे डाग व फाटलेपण लपविण्याचा अट्टहास केला नाही. मला हा संयम फार मोलाचा वाटतो. पोथीचे पान कसरीने खाल्ले असता ते अक्षर कल्पनेने भरून टाकणारा लेखनिक आणि जागा रिकामी सोडणारा लेखनिक, यांपैकी भरवशाचा कोणता हे सांगावयास नको.

ह्या क्षेत्रातील चांगल्या आवृत्तीचे लक्षण असे, की तिच्यासोबतच्या पुस्तिकेत कोणत्या प्रतींवरून काम केले, कोणता भाग कोठून घेतला, हे नमूद असते. कॅरल रीडच्या ‘द थर्ड मॅन’चे (१९४९) उदाहरण घ्यावे. ब्रिटिश पाठ सुमारे १०४ मिनिटांचा. अमेरिकेत तो अकरा मिनिटांनी छाटला गेला. एवढेच नव्हे, आरंभीचे निवेदन ब्रिटिश पाठात खुद्द रीडच्या आवाजात आहे आणि अमेरिकन पाठात नायकाची भूमिका करणाऱ्या जोसेफ कॉटनच्या. निवेदक बदलला की कथेकडे पाहण्याची जागाच बदलते, हे कथनमीमांसेच्या विद्यार्थ्यास सांगणे नलगे. ज्या चकतीवर दोन्ही पाठ दिले आहेत ती, आणि जिच्यावर यांपैकी एकच पाठ काहीही न सांगता दिला आहे ती, ह्या दोहोंची किंमत संग्राहकाने एकच मानू नये. पॉवेल-प्रेसबर्गर यांच्या ‘द रेड शूज’चा (१९४८) जीर्णोद्धार २००९ साली पुरा झाला. त्यात टेक्निकलरच्या तीन पृथक् निगेटिव्हांवरील बुरशी व आकुंचन यांशी झगडावे लागले. तेथे प्रश्न पाठभेदाचा नव्हता, अक्षर पुसट झाल्याचा होता. दोन्ही कामांना आपण ‘जीर्णोद्धार’ हा एकच शब्द वापरतो, ही परिभाषेची गैरसोय आहे.

भाषाशास्त्राच्या विद्यार्थ्यासाठी एक लहानशी, पण उपद्रवी बाब येथे सांगितली पाहिजे. बोलपट सेकंदास २४ चौकटी ह्या गतीने चित्रित होतो. ब्रिटनमधील व आपल्याकडील डीव्हीडी ज्या पाल पद्धतीच्या असतात तिची गती २५ आहे. त्यामुळे शंभर मिनिटांचा चित्रपट शहाण्णव मिनिटांत संपतो, आणि आवाज मुद्दाम दुरुस्त केला नसेल तर १२० हर्ट्झचा स्वर १२५ हर्ट्झचा होतो. शॉच्या नाटकावरील ‘पिग्मॅलियन’ (१९३८) घ्या. मराठी वाचकास त्या नाटकाची ओळख पु. ल. देशपांड्यांच्या ‘ती फुलराणी’मुळे आहेच. उच्चारशास्त्राचा अध्यापक हाच ज्या कथेचा नायक, तिच्यातील उच्चारांची मापे अशा चकतीवरून घ्यावीत, आणि सारे स्वर चार टक्क्यांनी वर चढलेले असावेत, ही त्या प्राध्यापक हिगिन्सची थट्टाच होय. ब्लू-रे चकतीवर २४ ची गती राखता येते, म्हणून ध्वनिविषयक कामास तीच घ्यावी. ब्रिटिश चकत्यांचा विभागसंकेत आपल्या यंत्रांच्या संकेताहून निराळा असतो, ही अडचण विभागाने यंत्र खरेदी करतानाच ध्यानात घ्यावी.

आता फाळक्यांकडे वळू. हिंदुस्थानात सुमारे तेराशे मूकपट तयार झाले. त्यांपैकी पूर्ण वा अंशतः उरलेले तीसच्या आसपास. फाळक्यांच्या नव्वदांहून अधिक चित्रपटांचे आज जे अवशेष आहेत ते बहुतांशी एका माणसाच्या चिकाटीचे फळ आहे. पुण्यास १९६४ साली राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन झाले व पुढील वर्षी पी. के. नायर तेथे आले. फाळके कुटुंबाकडे राहिलेले तुकडे त्यांनी मिळविले, आणि ‘कालिया मर्दन’ (१९१९) फाळक्यांच्याच टिपणांच्या आधारे जुळविला. मूळ ६,००० फुटांपैकी ४,४४१ फूट हाती आले. ‘लंकादहन’चे (१९१७) ३,००० पैकी ५०१, ‘श्रीकृष्णजन्म’चे (१९१८) ५,५०० पैकी ५७६. ‘राजा हरिश्चंद्र’चे ३,७०० पैकी १,४७५ फूट, म्हणजे पहिले व शेवटचे रीळ.

मात्र हे १,४७५ फूट कोणत्या ‘हरिश्चंद्र’चे? फाळक्यांनी १९१७ साली हाच विषय नाशिकला पुन्हा चित्रित केला. त्यास ‘सत्यवादी राजा हरिश्चंद्र’ म्हणतात. उरलेली दोन रिळे १९१३ ची नसून ह्या दुसऱ्या चित्रपटाची आहेत, असे काही इतिहासकारांचे मत आहे आणि ते सहज बाजूस सारण्याजोगे नाही. हेपवर्थच्या ‘रोव्हर’सारखाच हा पेच आहे, तेथे निदान तीन पाठ झाले हे सर्वमान्य आहे. येथे मात्र दर ३ मे रोजी तीच दृश्ये ‘पहिल्या भारतीय चित्रपटाची’ म्हणून निःशंकपणे दाखविली जातात. ती जर १९१७ ची ठरली तर १९१३ च्या चित्रपटाची एकही चौकट आपण पाहिलेली नाही असे होईल. आणि दादरच्या चित्रशाळेतील म्हणून ज्या मांडणीची, नेपथ्याची व अभिनयाची चर्चा प्रबंधांतून होते ती वस्तुतः चार वर्षांच्या अनुभवानंतरच्या नाशिककर फाळक्यांची ठरेल. विद्यार्थ्यांनी तूर्त ‘१९१३/१९१७’ असा निर्देश करावा हे बरे.

प्रतीची लांबी हेही प्रमाण असते. ३५ मिलिमीटरच्या फितीत फुटास १६ चौकटी. मूकपट सेकंदास १६ च्या गतीने चालविला तर मिनिटास ६० फूट सरतात. बोलपटाच्या २४ च्या गतीने ९०. यावरून ‘कालिया मर्दन’चे ४,४४१ फूट पहिल्या गतीने ७४ मिनिटांचे व दुसऱ्या गतीने ४९ मिनिटांचे होतात. म्हणून एखादी चकती वा प्रत पन्नास मिनिटांच्या आत संपत असेल तर मंदाकिनीचा कृष्ण दीडपट वेगाने नाचतो आहे, असे समजावे. त्यावरून ‘त्या काळचा अभिनय धसमुसळा होता’ असा निष्कर्ष काढणे अन्यायाचे आहे. असे निष्कर्ष मी छापलेले वाचले आहेत.

‘हरिश्चंद्र’च्या तिथिनिर्णयास बाह्य प्रमाण मिळण्याची एक वाट आहे. कोडॅक कंपनी १९१६ पासून आपल्या फितीच्या कडेवर वर्षदर्शक आकृत्या उमटवू लागली. त्या आकृत्या वीस वर्षांनी पुन्हा येतात, तरीही उपयुक्त असतात. परंतु पोथीच्या अखेरीस लेखनिकाने दिलेला शक जसा त्या प्रतीचा असतो, ग्रंथाचा नसतो, तशीच कडेवरची खूण त्या प्रतीच्या फितीची असते. १९१३ च्या निगेटिव्हवरून १९२० साली काढलेल्या प्रतीवर १९२० चीच खूण असणार. निगेटिव्हच्या कडेची खूण छापताना प्रतीवर उतरलेली असेल, तर मात्र ती निगेटिव्हचे वर्ष सांगते, कारण त्या वर्षापूर्वी ते चित्रित होणे अशक्य. जुन्या ज्वालाग्राही नायट्रेट फितींचा मोठा साठा जानेवारी २००३ मध्ये पुण्यास आगीत गेला, तेव्हापासून अशा परीक्षेस बहुतेक ठिकाणी नंतर काढलेल्या सुरक्षित प्रतींवरच भिस्त ठेवावी लागते. ह्या प्रतींचे अंकीय रूपांतर करताना चित्राच्या चौकटीपुरतेच यंत्र लावले, तर कडेची खूण त्यात येतच नाही. चित्र कितीही स्वच्छ झाले तरी साक्षीदार बाहेर राहिलेला असतो. सबब फाळक्यांच्या अवशेषांची शोधित आवृत्ती जेव्हा निघेल, तेव्हा निदान अभ्यासकांसाठीच्या प्रतीत फितीची पूर्ण रुंदी, छिद्रांसह व दोन्ही कडांसह, घ्यावी, आणि प्रत्येक तुकडा कोणत्या रिळातून आला ते पुस्तिकेत द्यावे.