डिक्लेअर: एका ओळीचा इतिहास

विंडोजची पहिली आवृत्ती १९८५ साली आली. तिला चालायला २५६ किलोबाइट मेमरी लागायची आणि त्या काळच्या पीसीवर तेवढी असणं हीच चैन होती. एकेक बाइट वाचवायचा तर फंक्शन कॉल करण्याची पद्धतही काटकसरीची हवी. कॉल करताना पॅरामीटर स्टॅकवर ठेवले जातात. पण पंगत उठल्यावर पत्रावळी कोणी उचलायच्या, हा प्रश्न उरतोच. सी भाषेच्या रिवाजात हे काम कॉल करणाऱ्याचं, कारण ‘प्रिंटएफ’सारख्या फंक्शनला नेमके किती पॅरामीटर दिले हे त्यालाच ठाऊक असतं. पास्कलच्या रिवाजात ते फंक्शनचं स्वतःचं. फंक्शन एकच असतं, कॉल मात्र शेकडो जागांहून होतात. आवराआवरीची सूचना एकाच ठिकाणी लिहिली की तेवढी जागा वाचते. म्हणून मुख्यतः सीमधून वापरायच्या विंडोजनं रिवाज मात्र पास्कलचा उचलला.

पुढं ३२ बिटांच्या विंडोजमध्ये ‘स्टँडकॉल’ आला: पॅरामीटरांचा क्रम सीचा, आवराआवर पास्कलची. जुन्या प्रोग्रॅममध्ये ‘विनमेन’ या मुख्य फंक्शनच्या डिक्लेरेशनमध्ये ‘पास्कल’ हा शब्द तसाच राहिला, आणि विंडोजच्या हेडर फाइली त्याचा अर्थ आता बिनदिक्कत स्टँडकॉल असा लावतात.

सीमध्ये लिहिणाऱ्याला या भानगडीची झळ फारशी लागत नसे. फंक्शनांची डिक्लेरेशनं असलेली हेडर फाइल जोडली की कंपायलर बघून घेई. खरी पंचाईत होती ती दुसऱ्या भाषेतून विंडोजचं दार ठोठावणाऱ्यांची.

मायक्रोसॉफ्टचं व्हिज्युअल बेसिक १९९१ साली आलं. खिडक्या, बटणं, याद्या हे सगळं त्यात माउसनं ओढून मांडता येई. पण जरा वेगळं काही हवं असलं की थेट विंडोजचं फंक्शन बोलवावं लागे. त्यासाठी ‘डिक्लेअर’ ही ओळ होती. सीमधलं डिक्लेरेशन समोर ठेवायचं आणि बेसिकमध्ये उतरवायचं. डॅन ऍपलमन यांनी १९९३ साली या विषयावर जाडजूड ग्रंथच लिहिला. व्हिज्युअल बेसिकबरोबर तयार डिक्लेरेशनांची एक टेक्स्ट फाइलही मिळू लागली, आणि ती उघडून हवी ती ओळ कॉपी करणं हा असंख्य प्रोग्रामरांचा नित्यनेम झाला.

‘गेटविंडोजडिरेक्टरी’ हे साधं फंक्शन घ्या. विंडोज कुठल्या फोल्डरमध्ये आहे एवढंच ते सांगतं. सीमध्ये त्याला दोन पॅरामीटर: उत्तर लिहायच्या जागेचा पत्ता आणि त्या जागेची लांबी. बेसिकमध्ये पहिला होतो ‘बायव्हॅल स्ट्रिंग’, दुसरा ‘बायव्हॅल लाँग’. बायव्हॅल म्हणजे मूल्य द्या, पत्ता नको. पण स्ट्रिंगच्या बाबतीत तोच शब्द लिहिल्यावर व्हिज्युअल बेसिक पत्ता पाठवतं, तोही सीला समजेल अशा, शेवटी शून्य असलेल्या अक्षरमालेचा. शिवाय कॉल करण्याआधी ती स्ट्रिंग रिकाम्या जागांनी भरून ठेवायची. ते राहिलं तर विंडोज आपलं उत्तर दुसऱ्याच कशाच्या तरी मेमरीत लिहून मोकळं. हे डिक्लेरेशनच्या ओळीत कुठंच लिहिलेलं नसतं. ओळ अगदी बरोबर असते आणि प्रोग्रॅम कोसळतो.

पास्कलवरच बेतलेल्या ‘डेल्फी’च्या प्रोग्रामरांनी १९९७ साली ‘जेडाय’ प्रकल्प उभारून सी हेडरांची पास्कलमध्ये रीतसर भाषांतरं सुरू केली. लॉस अलामोसच्या प्रयोगशाळेत डेव्हिड बीझली यांनी त्याआधीच, १९९५ साली, हे काम प्रोग्रॅमकडूनच करून घेणारं ‘स्विग’ लिहायला घेतलं होतं. बेसिकवाले मात्र कॉपी करत राहिले.

मग २००२ साली मायक्रोसॉफ्टचं डॉटनेट आलं आणि व्हिज्युअल बेसिकमधला ‘लाँग’ ३२ बिटांवरून ६४ बिटांवर गेला. ३२ बिटांची जागा ‘इंटीजर’नं घेतली. अकरा वर्षांत साठवलेली डिक्लेरेशनं दिसायला जशीच्या तशी, पण प्रत्येक लाँग आता दुप्पट रुंद. स्टॅकचा हिशेब चुकू लागला. भाषा सुधारण्याच्या उत्साहात मायक्रोसॉफ्टनं आपल्याच जुन्या गिऱ्हाइकांना दिलेला हा सगळ्यात महागडा धक्का म्हणावा लागेल.

तीच डिक्लेअरची ओळ वापरणाऱ्या एक्सेलच्या मॅक्रोंवर पाळी आली २०१० साली, ६४ बिटांच्या ऑफिसबरोबर. आता डिक्लेअरनंतर ‘पीटीआरसेफ’ लिहिणं सक्तीचं झालं आणि पत्त्यांसाठी ‘लाँगपीटीआर’ हा नवा प्रकार आला. गंमत अशी की पीटीआरसेफ काहीच तपासत नाही. ‘मी ही ओळ नीट पाहिली आहे’ अशी ती प्रोग्रामरची नुसती सही आहे. अनेकांनी न पाहताच सही ठोकली आणि लाँग तसेच ठेवले. त्यातले बरेच निभावलेही, कारण ६४ बिटांच्या विंडोजमध्येही खिडकीच्या हँडलचे कामाचे बिट ३२च असतात. निभावलेली चूक दुरुस्त कोण करणार?

अशी चूक किती वर्षं दबून राहू शकते, याचा नमुना विंडोजबाहेर सापडतो. युनिक्सवरच्या फोरट्रान कंपायलरांचा जुना रिवाज असा की अक्षरमाला पाठवली की तिची लांबीही पॅरामीटरांच्या शेवटी गुपचूप जाते. फोरट्रानच्या डिक्लेरेशनमध्ये ती दिसत नाही. लॅपॅक ही गणिताची प्रसिद्ध फोरट्रान लायब्ररी १९९२ साली आली. सीमधून ती वापरणाऱ्यांनी पाहिलं की बहुतेक अक्षरमाला ‘यू’ किंवा ‘एन’ अशा एकाच अक्षराच्या. लांबी कळवायची गरजच काय? त्यांनी ती गाळली. फंक्शनही तिकडं बघत नव्हतं, त्यामुळं सगळं सुरळीत चाललं.

२०१९ साली ‘जीफोरट्रान’ या कंपायलरच्या नव्या आवृत्त्यांनी वेग वाढवण्यासाठी स्टॅकवरची पॅरामीटरांची जागा पुढच्या कॉलसाठी पुन्हा वापरायला सुरुवात केली. न पाठवलेल्या लांबीची जागा तिथं आहे असं कंपायलरनं नियमानुसार गृहीत धरलं, आणि संख्याशास्त्राची ‘आर’ ही प्रणाली लॅपॅक वापरताना कोसळू लागली. दोष आरचा की कंपायलरचा, यावर बरीच वादावादी झाली. नियम कंपायलरच्या बाजूनं होता, पण नियम मोडणारा कोड जगभर पसरलेला. शेवटी जीफोरट्रानमध्ये असा कोड सांभाळून घेणारा एक पर्याय आला, आणि आरच्या हेडर फाइलींत त्या अदृश्य लांबीसाठी डिक्लेरेशनमध्ये रीतसर जागा करण्यात आली.