बाईंच्या चष्म्याचं घर : शिवलेली भेटवस्तू इतिहासाचं साधन होऊ शकते का?

गेल्या जूनमध्ये न्यू जर्सीहून माझ्या मावसबहिणीचा व्हिडिओ कॉल आला. तिकडे शाळेचं वर्ष जूनमध्ये संपतं. तिची मुलगी पहिलीत, आणि वर्ष संपताना वर्गशिक्षिकेला, चित्रकलेच्या आणि संगीताच्या शिक्षकांना काहीतरी हातानं केलेलं द्यायचं असं तिनं ठरवलं होतं. आजीचं एक जुनं इरकल तिच्याकडे होतं. अंगावर विरलेलं, पण काठ अजून धड. त्या काठाच्या पिशव्या शिवायच्या होत्या आणि काठ कोपऱ्यावर कसा वळवायचा हे तिला माझ्या आईला विचारायचं होतं.

आईनं अर्धा तास शिकवलं. आधी कच्चा दोरा घाल, मग टीप मार, कोपऱ्यावर कापडाला छाट दे. फोन ठेवल्यावर ती सहज म्हणाली, "आम्ही पण द्यायचो की. मी आमच्या बाईंना चष्म्याचं घर शिवून दिलं होतं. सातवीत."

तेव्हा मी माझ्या सिनॉप्सिसच्या तिसऱ्या मसुद्यावर बसले होते. विषय : मुलींच्या शाळांमधलं शिवणकाम. गेली दोन वर्षं मी अहवाल, अभ्यासक्रम आणि शाळांची वार्षिक वृत्तं वाचतेय. त्यात शिवण आहे, शिक्षिका आहेत, पण एखाद्या मुलीनं शिक्षिकेला काही शिवून दिल्याची एकही ओळ माझ्या टिपणांत नव्हती. आजची पोस्ट त्याबद्दल आहे. पीएच.डी.ची तयारी करणाऱ्यांना 'साधन' म्हणजे काय हा प्रश्न फार छळतो, म्हणून जरा सविस्तर लिहितेय.

कागद काय सांगतात?

आधी कागदांकडे जाऊ. शाळेत शिवण ही गोष्ट 'मुलींना आवडते म्हणून' आलेली नाही, ती नियमानं आली. इंग्लंडमध्ये 1862 च्या 'रिव्हाइज्ड कोड'नं सरकारी अनुदान मुलांच्या परीक्षेतल्या निकालाशी जोडलं. वाचन, लेखन, अंकगणित सगळ्यांना होतं आणि अनुदान हवं असेल तर मुलींना साधं शिवण शिकवणंही बंधनकारक होतं. साधं शिवण म्हणजे कशिदा नव्हे. कपडे बेतणं, शिवणं, रफू करणं. गरीब घरातल्या मुलीनं घरात किंवा मोलकरीण म्हणून उपयोगी पडावं, हा त्यामागचा हिशोब.

आपल्याकडे हंटर आयोग 1882 मध्ये नेमला गेला. मुलींच्या प्राथमिक शाळांचा अभ्यासक्रम मुलांपेक्षा सोपा असावा आणि तो घरगुती जीवनाच्या गरजा पाहून आखावा, अशी त्याची शिफारस होती. त्याच आयोगापुढे पुण्यात पंडिता रमाबाईंनी साक्ष दिली आणि स्त्री-शिक्षिका तयार करण्याचा आग्रह धरला. या दोन गोष्टी शेजारी ठेवून बघा. एकीकडे मुलीला घरासाठी तयार करायचं, दुसरीकडे तिला शिकवायला घराबाहेर पडलेली बाई हवी. पुढचं शंभर वर्षांचं मुलींचं शिक्षण या दोन टोकांच्या मध्ये कुठेतरी चालत आलंय.

1909 मध्ये रमाबाई रानडे यांनी पुण्यात सेवासदन सुरू केलं. तिथे शिवणाचे वर्ग होते आणि प्राथमिक शिक्षिका घडवण्याचं कामही होतं. एका विधवेला शिवण येतं म्हणजे चार पैसे हातात येतात. हा अर्थ हंटर आयोगाच्या अर्थाहून वेगळा आहे, टाका मात्र तोच. स्वातंत्र्यानंतर कोठारी आयोगानं (1964-66) 'कार्यानुभव' हा विषय सुचवला. कल्पना अशी की प्रत्येक मुलानं हातानं काम करावं. प्रत्यक्षात आईच्या शाळेत मुलांना बागकाम आणि मुलींना शिवण, अशी वाटणी झाली.

या सगळ्यावरून मी सिनॉप्सिसमध्ये गृहीतक मांडलं होतं : शाळेतलं शिवण हे मुलींना घराच्या चौकटीत बसवण्याचं साधन होतं. गाईडनं वाचलं आणि समासात लिहिलं, "मान्य. पण मुलींनी त्या शिवणाचं काय केलं?"

मला उत्तर नव्हतं.

मुलींचं म्हणणं कुठे सापडणार?

अहवाल लिहिणारा नेहमी देणाऱ्याच्या बाजूचा असतो. किती मुली, किती शाळा, किती अनुदान. मुलगी त्यात आकडा म्हणून येते. तिचं म्हणणं शोधायचं तर तिनं मागे काय ठेवलं ते पाहावं लागतं, आणि बऱ्याच जणींनी कागद ठेवलेला नाही, कापड ठेवलंय.

लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात साधारण 1830 चा एक कापडाचा तुकडा आहे. ससेक्समधल्या एलिझाबेथ पार्कर नावाच्या मोलकरणीनं लाल रेशमी दोऱ्यानं, फुलीच्या बारीक टाक्यांत त्यावर आपली कहाणी 'लिहिली'. मालकाकडून झालेली क्रूर वागणूक, जीव देण्याचा विचार, त्याबद्दलची अपराधी भावना. मजकूर वाक्याच्या मध्येच थांबतो. मुलींना शिस्त आणि अक्षरओळख लावण्यासाठी जो टाका शिकवला, तोच तिनं जे कोणापाशी बोलता येत नव्हतं ते सांगायला वापरला. पुढे ती स्वतः गावातल्या मुलांना शिकवू लागली.

लॉरेल थॅचर अल्रिच या अमेरिकन इतिहासकार बाईंचं 'द एज ऑफ होमस्पन' (2001) हे पुस्तक वाचनयादीत जरूर घ्या. प्रत्येक प्रकरण एका वस्तूपासून सुरू होतं. एक टोपली, एक कपाट, एक अर्धवट विणलेला मोजा. पद्धत दिसायला साधी आहे : वस्तू आधी नीट बघायची, मग कागदांकडे जायचं, आणि दोन्ही जुळत नसतील तर तिथेच थांबून विचार करायचा.

भेटवस्तूत मात्र आणखी एक अडचण असते. ती हात बदलते. देणाऱ्याच्या मनातला अर्थ घेणाऱ्यापर्यंत पोचेलच असं नाही. 1947 मध्ये राजकन्या एलिझाबेथच्या लग्नात गांधीजींनी स्वतः कातलेल्या सुताचा विणलेला लेसचा तुकडा भेट पाठवला. राणी मेरीला तो लंगोटीसारखा काहीतरी प्रकार वाटला आणि तिला ते अपमानास्पद वाटलं, असं नोंदलेलं आहे. एकच वस्तू, पण पाठवणाऱ्याच्या लेखी आशीर्वाद आणि बघणारीच्या लेखी अपमान. म्हणून शिवलेली भेट दिसली की 'किती प्रेम!' म्हणून मोकळं होऊ नका. मार्सेल मॉस यानं 1925 मध्ये भेटीवरच्या निबंधात दाखवलं तसं, देणं, घेणं आणि परत करणं ही बंधनांची साखळी असते. कुठली तरी भेट कुठल्या तरी देण्याची परतफेड असते. कशाची, ते शोधायचं.

आईची वही

मग मी माळ्यावरची पत्र्याची पेटी उतरवली. आईची शिवणाची वही त्यात होती. ज्यांनी अशी वही पाहिलेली नाही त्यांच्यासाठी : उजव्या पानावर कापडाचा चौकोनी नमुना टाचणीनं लावलेला, वर नमुन्याचं नाव, खाली बाईंची लाल शाईतली सही. धावदोरा, उलटी टीप, हेम, काज, साखळी, गहूटाका. शेवटी मॅटीवरची दोसुती. आईची वही सातवीची, म्हणजे 1980-81 ची.

दोसुतीचं पान रिकामं होतं. नाव आहे, सही आहे, "सुंदर" असा शेरा आहे, नमुना नाही.

आई म्हणाली, "तेच कापड. त्याचं घर शिवलं चष्म्याचं. सातवीचा निकाल लागला त्या दिवशी दिलं."

मी तसं लिहून घेतलं. रात्री फोटो काढताना मात्र दोन गोष्टी दिसल्या. रिकाम्या पानावर टाचण्यांच्या जागी गंजाचे चार तपकिरी डाग होते. आणि समोरच्या पानावर लाल दोऱ्याचा फिकट रंग उतरला होता. नीट पाहिलं तर उलटा मोर. म्हणजे वही मिटलेली असताना कापड ओलसर झालं होतं आणि रंग सुटला होता.

आता हिशोब करा. वहीतल्या तारखेप्रमाणे हा नमुना जानेवारीतला. निकाल मे महिन्यातला. मधे पाऊस नाही. टाचण्या इतक्या गंजायला आणि रंग उतरायला त्या वहीनं निदान एक पावसाळा त्या नमुन्यासकट काढलेला असणार. म्हणजे सातवीच्या निकालाला ते कापड वहीतच होतं.

दुसऱ्या दिवशी मी आईला ती दोन पानं दाखवली. 'तू चुकतेस' असं म्हटलं नाही. फक्त विचारलं, हे डाग कसले गं? तिनं बराच वेळ पानावरून बोट फिरवलं.

"दहावीनंतर दिलं," ती म्हणाली. "बाई घरी आल्या होत्या ना."

मग जे कळलं ते मला तीस वर्षांत कधी कळलं नव्हतं. दहावीला आई शाळेत मुलींमध्ये पहिली होती. अकरावीला तालुक्याच्या गावी जावं लागणार होतं. आजोबा तयार नव्हते. शिवणाच्या बाई दोनदा घरी आल्या, ओसरीवर बसून बोलल्या, एसटीच्या पासाचं मी बघते म्हणाल्या. आजोबांनी चहा दिला आणि नाही म्हणाले. त्यानंतर आईनं पेटीतून वही काढली, त्यातला सगळ्यात चांगला नमुना सोडवला, आत फलाटीणीचं अस्तर लावलं आणि चष्म्याचं घर शिवून बाईंना नेऊन दिलं.

"त्यांनी काय म्हटलं?" मी विचारलं.

"काही नाही. चष्मा काढून त्यात ठेवला. मग परत काढून घातला. दिसत नव्हतं त्यांना."

या वहीवरून काय म्हणता येतं?

इथे सांभाळून. एका वहीवर प्रबंध उभा राहत नाही. 'शाळेतलं शिवण मुलींना मुक्त करत होतं' असं मी म्हणू शकत नाही. आईला शिवण आलं आणि कॉलेज मिळालं नाही, ही वस्तुस्थिती आहे. पुढे तिनं लोकांचे ब्लाउज शिवून घर चालवायला हातभार लावला, तेव्हाही ते 'घरबसल्या काहीतरी' म्हणूनच मोजलं गेलं. गल्लीतल्या शिंप्याच्या त्याच कामाला धंदा म्हणायचे. हंटर आयोगाच्या शिफारशीतला हिशोब आमच्या ओसरीवरही बरोबर आला होता.

पण माझं मूळ गृहीतक अपुरं होतं, हेही खरं. तिला चौकटीत बसवण्यासाठी जे कौशल्य दिलं, त्यातूनच तिनं चौकटीबाहेर काढायला आलेल्या बाईंचे आभार मानले. बाईंना यश आलं नव्हतं. म्हणजे ही परतफेड मिळालेल्या गोष्टीची नव्हती, कुणीतरी आपल्यासाठी दोनदा पायरी चढलं त्याची होती. शाळेच्या वार्षिक वृत्तात हे येणार नाही. तिथे त्या वर्षी फक्त दहावीचा निकाल असेल.

सिनॉप्सिसमध्ये मी आता दोन बदल केलेत. एक, 'मुलींनी त्या शिवणाचं काय केलं' हा स्वतंत्र संशोधन-प्रश्न. दोन, साधनांमध्ये 1960 ते 1990 या काळातल्या शिवणाच्या वह्या आणि त्या लिहिणाऱ्या बायकांच्या मुलाखती.

सुरुवात करणाऱ्यांसाठी माझ्या चुकांमधून चार गोष्टी :

1. मुलाखतीआधी वस्तू स्वतः बघा. फोटो काढा, मोजमाप घ्या, डाग, भोकं, उसवलेले टाके नोंदवा. मागची बाजू आधी बघा, गाठी तिथे असतात.

2. आठवण आणि वस्तू यांत विसंगती आली तर ती 'चूक' म्हणून पुसू नका. आईनं दहावीची गोष्ट सातवीत का नेऊन ठेवली असेल? सातवीच्या निकालाची आठवण दुखत नाही, हे एक उत्तर असू शकतं. विसंगती हाच पुरावा असतो.

3. रिकामं पानही नोंदवा. मी आधी ती वही 'एक नमुना गहाळ' असं लिहून बाजूला ठेवणार होते.

4. घरातल्या माणसाची मुलाखत असली तरी परवानगी घ्या. मी ही पोस्ट आईला वाचून दाखवली. तिनं दोन वाक्यं काढायला लावली, ती काढली. बाईंचं नाव तिनं सांगितलं, पण लिहू नकोस म्हणाली.

मावसबहिणीच्या तीन पिशव्या वेळेत झाल्या. शेवटच्या कॉलला आईनं तिला एक काम वाढवून दिलं. "अस्तराच्या आतल्या बाजूला पोरीचं नाव नि साल शिव. बारीक. कोणाला दिसलं नाही तरी चालेल."

तुमच्या घरी आई-मावशी-आजीची अशी वही असेल तर टाकून देऊ नका. टाचण्या तेवढ्या काढून ठेवा, पण आधी त्यांच्या जागेसकट फोटो काढा. पुढच्या पोस्टमध्ये अशा वह्यांची नोंद करण्यासाठी मी बनवलेला तक्ता देते.