१४. ‘बाटली चेरिंग क्रॉसला धाडली’
लंडनचे चेरिंग क्रॉस रुग्णालय. ब्रिटनमध्ये द्राक्षगर्भाच्या (वार द्राक्षांच्या घडासारखी वाढते, अशा सदोष गर्भधारणेच्या) रुग्णांची नोंद १९७३पासून होते; लघवीचे व रक्ताचे नमुने टपालाने तिथे तपासणीला जातात. आंशिक द्राक्षगर्भात बहुधा एकाच स्त्रीबीजात दोन शुक्राणू शिरतात. ४६ऐवजी ६९ गुणसूत्रांचा हा गर्भ टिकत नाही. लेखिका पुढे स्वतःच्या धावपळीला दोष देते, पण तिचा या आजाराशी काहीही संबंध नाही. गर्भाशय रिकामे केल्यावरही शंभरात एखादीच्या बाबतीत वारेच्या पेशी मागे राहून वाढू लागतात. मग एचसीजी हे संप्रेरक उतरायचे थांबते किंवा चढते. ‘आकडा पुन्हा चढला’ तो हाच. पुढच्या पानावरची इंजेक्शने मेथोट्रेक्सेटची. १९५६मध्ये अमेरिकेत ली आणि हर्ट्झ यांनी याच औषधाने वारेचा पसरलेला कर्करोग आटोक्यात आणला. आता या आजारातून जवळजवळ सगळ्याच बऱ्या होतात, आणि बहुतेकींना पुढे मूलही होते.