गाण्याच्या पाठीवरची चिठ्ठी



कामगार संघटनेच्या कार्यकर्त्याने संगणकावरील गाण्यांविषयी बोलावे, हे आपल्यापैकी काहींना विचित्र वाटेल. परंतु हजेरीपट तपासण्यात ज्याचे आयुष्य गेले, त्याला एक गोष्ट पक्की ठाऊक असते. ज्याचे नाव कागदावर नाही, त्याचे काम जगाच्या लेखी झालेलेच नसते. गाण्यालाही हाच न्याय लागू आहे. गाण्याच्या त्या कागदाचा, म्हणजे आज ज्याला 'टॅग' म्हणतात त्या चिठ्ठीचा, इतिहास मला सांगावयाचा आहे.

आवाज यंत्रात साठवता येऊ लागला, त्याच वेळी हा आवाज कोणाचा, हा प्रश्न उत्पन्न झाला. नोव्हेंबर १९०२ मध्ये फ्रेड गैसबर्ग यांनी कलकत्त्यास गौहरजान यांचे गाणे मुद्रित केले. गाणे संपताच बाईंनी इंग्रजीत आपले नाव मोठ्याने उच्चारले. मुद्रिका जर्मनीत हानोव्हर येथे तयार होत असत. गाण्याची भाषा न जाणणाऱ्या तिथल्या माणसांना कोणत्या तबकडीवर कोणता कागद चिकटवावा, हे त्या उच्चारावरून समजे. म्हणजे नावाची चिठ्ठी गाण्याच्या पोटातच घातली होती. साथीला बसलेल्यांचे नाव मात्र त्या पुकाऱ्यात नव्हते.

पुढे तबकडीवरचा कागद आला, तरी त्यावर कोणाचे नाव छापावयाचे हे गाणारा ठरवीत नव्हता. १९४९ च्या 'महल' चित्रपटातील 'आयेगा आनेवाला' या गाण्याच्या तबकडीवर गायिका म्हणून 'कामिनी' असे छापले होते. कामिनी हे चित्रपटातील पात्राचे नाव, आणि आवाज लता मंगेशकरांचा! ही गाणारी कोण, अशी विचारणा श्रोत्यांनी रेडिओकडे केली, तेव्हा कुठे खरे नाव लोकांसमोर आले. नाव मिळवावे लागते, ते आपोआप मिळत नाही, याचे यापेक्षा स्पष्ट उदाहरण मला ठाऊक नाही.

१९८२ साली कॉम्पॅक्ट डिस्क बाजारात आली. तिच्यात आवाज आकड्यांच्या रूपाने होता, परंतु गाण्यांची नावे नव्हती. ती फक्त वेष्टनावर छापलेली असत. त्यानंतर जर्मनीतील फ्राउनहोफर संस्थेच्या संशोधकांचा मोठा वाटा असलेली एमपी३ ही पद्धत १९९३ च्या प्रमाणकात प्रसिद्ध झाली. तिच्यामुळे गाण्याची फाइल मूळच्या सुमारे दहाव्या हिश्श्यात मावू लागली. पण तिच्या कर्त्यांनीही नावासाठी जागा ठेवली नव्हती. आवाज साठवणाऱ्यांना नाव ही दुय्यम बाब वाटली होती.

ती जागा एका व्यक्तीने केली. १९९६ मध्ये एरिक केम्प यांनी फाइलच्या शेवटी १२८ बाइटांची एक पट्टी जोडण्याची युक्ती काढली. पहिली तीन अक्षरे 'टॅग' या शब्दाची, मग गाण्याच्या नावाला ३०, कलाकाराला ३०, संग्रहाला ३०, वर्षाला ४, टीपेला ३० आणि प्रकाराच्या क्रमांकाला १. हिला आयडी३ असे नाव पडले. पुढच्याच वर्षी मिखाएल मुत्श्लर यांनी टीपेच्या जागेतून दोन बाइट काढून घेऊन तेथे गाण्याचा अनुक्रमांक बसवला. गिरणगावच्या चाळीतील खोलीत पाहुण्यासाठी जागा करावी, तसाच हा प्रकार होता.

ही चिठ्ठी कोणासाठी बेतली होती, हेही पाहावे. कलाकाराचा रकाना एकच. कवी कोण, चाल कोणाची, तबल्यावर कोण, यांना रकानाच नाही. मूळच्या ८० संगीतप्रकारांत पोल्का आहे. ख्याल नाही, ठुमरी नाही, लावणीही नाही. आपल्या गाण्याने 'एथनिक' किंवा 'इतर' या खणात अंग चोरून बसावे. आणि तीस बाइटांत इंग्रजी अक्षरे तीस मावतात. पण आज सर्वत्र रूढ असलेल्या यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन बाइट लागतात, म्हणजे चिन्हे फक्त दहा! काना, मात्रा, अनुस्वार ही सारी त्यातच मोजावयाची. 'मल्लिकार्जुन मन्सूर' हे नाव अर्ध्यावरच तुटते. यात कोणाचा दुष्ट हेतू होता असे मी म्हणत नाही. परंतु ज्याने रकाने आखले, त्याच्या डोळ्यांसमोर आपण नव्हतो.

१९९८ मध्ये मार्टिन निल्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दुसरी आवृत्ती केली. तिच्यात चिठ्ठी शेवटून उचलून फाइलच्या आरंभी आणली आणि लांबीची तीस बाइटांची मर्यादा काढून टाकली. संगीतकार, गीतकार, साथीदार यांना वेगवेगळे रकाने मिळाले. २००० सालच्या सुधारणेत कोणत्या वाद्यावर कोण, अशी वादकांची यादी लिहिण्याचीही सोय झाली. ज्या दिवशी तबलजीसाठी रकाना झाला, त्या दिवशी हजेरीपटात एक नवीन ओळ वाढली, असे मी मानतो.

फाइलीचे नाव बदलण्याचे शास्त्रही येथूनच निघते. फाइलीचे नाव हे पाकिटावरच्या पत्त्यासारखे आहे. कोणीही ते खोडावे. टॅग हा आतल्या पत्रासारखा आहे. म्हणून जाणता माणूस आधी टॅग नीट भरतो आणि मग संगणकाला एकच आज्ञा देतो, की कलाकार, संग्रह, क्रमांक, गाणे या क्रमाने सर्व फाइलींना नावे दे. 'ट्रॅक ०१' या नावाच्या शेकडो अनाथ फाइली क्षणार्धात आपापल्या घरी जातात.

पण हे टॅग भरले कोणी? येथे खरी कामगारांची गोष्ट सुरू होते. टी कान आणि स्टीव्ह शर्फ यांनी सीडीडीबी नावाचे भांडार उभे केले. डिस्कवरील गाण्यांच्या लांबीवरून संगणक ती डिस्क ओळखी. पहिला श्रोता नावे टंकून पाठवी, आणि त्यानंतरच्या सर्वांना ती आयती मिळत. जगभरच्या लोकांनी फुकट, हौसेने ही नावे लिहिली. १९९८ मध्ये ते भांडार विकले गेले, वापरावर अटी आल्या, आणि ग्रेसनोट असे नाव घेतलेली ती कंपनी २००८ मध्ये सोनीने विकत घेतली. ज्यांनी ओळी लिहिल्या, त्यांच्या हाती काय पडले? काही नाही. खळ्यावर मळणी सर्वांनी केली आणि धान्य मात्र एकाच्याच कोठारात गेले.

तथापि लोक गप्प बसले नाहीत. फ्रीडीबी हे मोकळे भांडार निघाले. ते २०२० पर्यंत चालले. रॉबर्ट के यांनी २००० च्या सुमारास म्युझिकब्रेन्झ सुरू केले. त्याचा कारभार २००४ पासून ना-नफा संस्थेकडे आहे, आणि त्यातील मूळ माहिती सार्वजनिक मालकीची म्हणून जाहीर केलेली आहे. ती कोणाला विकून टाकता येणार नाही, अशी तजवीज आधीच केली आहे. चळवळीने यातून घ्यावयाचा धडा हा, की सामुदायिक श्रमाची मालकी श्रमाच्या पहिल्याच दिवशी लिहून ठेवावी.

आता कायदाही नावाच्या बाजूस आला आहे. आपल्या देशाच्या २०१२ च्या कॉपीराइट सुधारणेने गाणाऱ्या-वाजवणाऱ्याला, काही अपवाद सोडून, आपली ओळख दिली जावी असे मागण्याचा हक्क दिला, आणि गीतकार-संगीतकारांचा मानधनातील वाटा पक्का केला. पण कायद्याचा हक्क चिठ्ठीवाचून पांगळा आहे. वाटा देणारा हिशेब संगणक करतो, आणि संगणक फक्त रकान्यात लिहिलेलेच वाचतो.

म्हणून माझी आपल्याला एक विनंती आहे. या गावात पुष्कळ घरांत जुन्या मैफलींच्या, भजनांच्या, पोवाड्यांच्या कॅसेटी आहेत, आणि मुले आता त्यांच्या फाइली करीत आहेत. हार्मोनियमवर कोण होते, ढोलकी कोणाची, हे सांगू शकणारी माणसे अजून आपल्यात आहेत. त्यांना विचारा, आणि ते नाव आजच लिहा. रकाना आता आहे. तो रिकामा राहिला, तर मात्र दोष दुसऱ्या कोणाचा असणार नाही.