वसतिगृहातली भाकरी

गोपाळ कृष्ण गोखले यांचे १९११चे प्राथमिक शिक्षणाचे विधेयक वाचताना माझी नजर एका आकड्यावर अडते : दहा रुपये. ज्या पालकाचे मासिक उत्पन्न त्याहून कमी, त्याच्या मुलाला फी माफ. सक्ती फक्त मुलग्यांना, तीही सहा ते दहा या वयात, आणि स्थानिक संस्थेने पुढाकार घेतला तरच. इतके बेताचे विधेयकही मार्च १९१२मध्ये ३८ विरुद्ध १३ मतांनी पडले. बडोद्यात सयाजीरावांनी १९०६मध्येच राज्यभर सक्तीचे मोफत शिक्षण सुरू केले होते, हे विशेष.

पण मला सतावतो तो प्रश्न फीच्या पलीकडचा आहे. गुरे राखणारे पोर शाळेत बसले, तर त्याचे काम कोण करणार? आणि गावात शाळाच नसेल, तर परगावी त्याला जेवू कोण घालणार? गरिबाच्या घरात शिक्षणाचा खरा खर्च हाच. कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९१७मध्ये सक्तीचे मोफत शिक्षण आणले आणि मूल न पाठवणाऱ्या पालकाला महिना एक रुपया दंड ठेवला. दंडाने मूल शाळेच्या दारापर्यंत येते; टिकायला जेवण लागते. महाराजांना याची जाण होती, म्हणूनच १९०१पासून त्यांनी वसतिगृहांना हात दिला.

त्या कोल्हापुरात शिकलेल्या भाऊराव पाटलांनी १९१९मध्ये कराडजवळच्या काले गावी रयत शिक्षण संस्था काढली आणि १९२४मध्ये साताऱ्यात वसतिगृह सुरू केले. सर्व जातींची मुले तिथे एका पंगतीत जेवत. एका पंगतीची ही गोष्ट आज साधी वाटते. तेव्हा ती नव्हती. मुलांच्या जेवणासाठी लक्ष्मीबाई पाटलांनी अंगावरचे दागिने मोडले, मंगळसूत्रसुद्धा. इतिहासाच्या पुस्तकांत त्यांच्या वाट्याला बहुधा हे एकच वाक्य येते, ते मला फार अपुरे वाटते. चूल तर त्यांनीच सांभाळली होती.

एकट्या घराच्या सोन्यावर संस्था किती चालणार? भाऊरावांनी दोन वाटा काढल्या. एक म्हणजे मुष्टिफंड : गावोगावच्या घरांतून मूठ मूठ धान्य. दुसरी, ‘कमवा आणि शिका’ : मुलाने श्रम करून आपला खर्च भागवायचा. शेतमजुराच्या मुलाला श्रम नवे नव्हतेच. इथे त्याच श्रमाच्या जोरावर त्याला पाटी-पुस्तक मिळत होते.